बुडाली नाही, बुडवली

१० मे, रविवार. या ब्लॉगवरची मागची नोंद अकरा महिन्यांपूर्वीची. वाचणाऱ्यांची माफी मागतो. कारण शोधले, सांगण्याजोगे सापडले नाही.

आज सिद्धेश्वर धरणावर जाऊन आलो. तिथे शिडाची छोटी होडी चालवायची, हे माझे जुने वेड. ती लाकडाची, स्वतःच्या हातांनी बांधायची म्हणून दोन वर्षांपूर्वी सागाच्या सहा फळ्या आणल्या. त्या जिन्याखाली तशाच उभ्या आहेत. मध्यंतरी फायबरची होडी तयार करून देणारा एक जण भेटला. त्याला आज हो की नाही ते सांगायचे होते. त्याआधी रोज होडी वापरणाऱ्या कुणाला तरी विचारावे, म्हणून निघालो.

वसमतहून सकाळच्या एसटीने औंढा, पुढे ऑटो. उन्हाळ्यात जाणार असाल तर दहाच्या आत पोचा, पाणी सोबत ठेवा, सावली नाही. धरण बरेच खाली गेले होते. भेगाळलेल्या गाळातून काठाशी आलो, तर उथळ पाण्यात एक लाकडी होडी तळाला टेकलेली. फक्त टोक वर.

"अहो, कोणाची तरी होडी बुडाली!" मी ओरडलो.

मासे साफ करणाऱ्या गयाबाई हसत सुटल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, उठा. सरांनी तुमची होडी बुडवली बघा."

शेषराव जाळे बाजूला ठेवून आले. "बुडाली न्हाई सर, म्या बुडवली. उद्या दुपारी पोरीकडं चाललो, आठ-पंधरा दिस. वर ठेवली की उन्हानं फळ्या आटत्यात, सांधे उघडत्यात. पाण्यात फुगून बराबर राहती."

"मग फायबरची का नाही घेत?"

त्यांनी पलीकडे पालथ्या पडलेल्या फायबरच्या होडीकडे बोट केले. तिच्यावर दोन शेळ्या उभ्या होत्या. "ती बी चांगली. सहा महिने कोरडी ठेवा, तकलीफ न्हाई. तडकली तर मातर नांदेडहून माणूस आणा. ही मी घरीच ठोकतो. औंदा तळाची फळी कुजाया लागली, बदलाया चांगला साग गावंना."

गयाबाईंनी विचारले, "तुमी येणार कवा कवा?"

"महिन्यातून एखादा रविवार."

"मंग तिला पाणी कोन पाजंल? आमचे हे? मंग होडी आमचीच म्हना की!"

दोघे हसले. मीही, जरा उशिरा.

त्यांच्याच शेडमध्ये तळलेला मासा आणि ज्वारीची भाकरी खाल्ली. शंभर रुपयांत पोट भरते. निघताना शेषरावांचा नंबर घेतला.

परतीच्या एसटीत वही काढून तुलना केली. दिसण्यात, दुरुस्तीत, हातांच्या समाधानात लाकूडच पुढे. पण अकरा महिने ब्लॉगकडे न फिरकलेला माणूस प्रत्येक उन्हाळ्यात होडी बुडवायला जाईल का? याचे उत्तर वहीत लिहिले नाही. गरज नव्हती.

घरी येऊन फायबरवाल्याला हो कळवले. हलके वाटले, त्या हलके वाटण्यावर माझा फारसा विश्वास नाही. मग फळ्या बाहेर काढून पुसल्या, मोजल्या. साडेनऊ फूट, सहाही सरळ.

उद्या: शेषराव निघण्याआधी फोन करून विचारणे, त्यांच्या होडीला या फळ्या चालतील का.