निलेश उतरेपर्यंत कोणी लिहू नका

आई गेल्या तेव्हा त्यांचा मुलगा, माझा नवरा निलेश, विमान चालवत होता.

मागे भरलेलं विमान. आणि ही बातमी त्याला कळू द्यायची नव्हती.

सासूबाईंना जाऊन आज वर्ष झालं. म्हणून लिहायला बसलेय.

पळसदरीच्या आमच्या घरी टीव्हीवर पायलटांच्या टंचाईची बातमी लागली की शेजारचे तात्या हमखास यायचे. "पायलट कमी पडणार म्हणे! मजा हाय तुमची. निल्याचा पगार वाढणार."

आई भडकायच्या. "कसली डोंबलाची मजा? भाताच्या आवणीला धा बायांचं काम पाच जणींनी केलं की काय होतं, ते माझ्या कंबरेला विचारा. माणूस कमी म्हंजी हाय त्यालाच राबवायचं."

"आवो, पण ते विमान हाय."

"म्हणून तर जीव घाबरतो ना!"

पायलट कमी पडणार की नाही, मला खरंच माहीत नाही. नवीन लायसन्सवाली मुलं घरी बसून आहेत असंही ऐकते. माझ्या घरात एवढंच दिसायचं की निलेशचा वीकली ऑफ कॅन्सल झालाय आणि तो जेवताना डुलक्या घेतोय.

आईंचा नियम होता. निलेश ड्यूटीवर असला की त्याला वाईट काही सांगायचं नाही. गाय आजारी असो नाहीतर भावकीतलं भांडण. "उतरू दे आधी."

अंथरुणाला खिळल्यावर मला जवळ बसवून म्हणाल्या, "मी गेले तरी ह्योच नियम गं. माझ्यापायी त्या इमानातल्या लोकांच्या जिवाला धोका नको."

"आई, काहीतरीच काय बोलता!"

निलेशनं सुट्टी मागितली होती. मिळाली नाही. बदली कॅप्टन नव्हता.

त्या दिवशी पहाटेच तो विमान घेऊन गुवाहाटीला निघाला. सकाळी आईंनी चहा घेतला, पाठ टेकली आणि गेल्या.

मला रडू आलं नाही. डोक्यात एकच, तो तिकडे उतरला की फोन चालू करणार. आणि लगेच तेच विमान घेऊन परत निघणार.

तेवढ्यात गावच्या ग्रुपवर मेसेज पडला. आईंचा फोटो, जोडलेले हात, भावपूर्ण श्रद्धांजली.

निलेश त्या ग्रुपमध्ये आहे.

घरात मयत आणि मी एकेकाला फोन लावतेय. "डिलीट करा हो, पाया पडते. निलेश उतरेपर्यंत कोणी लिहू नका."

ॲडमिन म्हणाला, "वहिनी, त्यालाच काढून टाकू का ग्रुपमधनं?"

"अरे नको! मग तर त्याला संशयच येईल."

एक मावशी बोललीच, "सासू गेली नि सुनंच्या हातातला मोबाइल सुटत नाय." बोलू दे म्हटलं.

मग त्याचा फोन आला.

"उतरलो गं. आई काय करतेय?"

"झोपल्यात."

"बरं. उठवू नकोस."

फोन ठेवला आणि तोंडात ओढणी कोंबली.

पुढचे तास कसे गेले ते माझं मला ठाऊक. म्हातारी माणसं विचारत होती, किती येळ ठेवायची? मी मोबाइलवरच्या नकाशात त्याचं ते इवलंसं विमान सरकताना बघत होते. सारखं वाटायचं, कोणाचा तरी मेसेज त्यानं वाचला असेल. वाचूनही निघाला असेल. कारण विमान परत आणायला तिथं दुसरं होतं कोण?

दीर, योगेश भावोजी, एअरपोर्टवर थांबले होते. त्याला गाडीत बसवून मगच सांगितलं.

घरी येऊन तो आईंच्या पायाशी बसला. "तिनंच सांगितलं होतं ना?"

मी मान हलवली.

"मला कळलं असतं तर मी उडवलं नसतं. आणि तिथं दुसरा कॅप्टन नव्हता."

मग ढसाढसा रडला.

त्यानंतर ग्रुपवर आईंसाठी कोणी लिहिलंच नाही. मीच सगळ्यांना भीती घालून ठेवली होती ना.

आई, तुमच्याशिवाय ही काळजी एकटीला झेपत नाही हो.

मंडळी, आज ग्रुपवर आईंना श्रद्धांजली लिहा. फोटो टाका, हात जोडा, काय वाटेल ते. निलेश घरी आहे, आत झोपलाय.

उद्या पहाटे त्याची ड्यूटी आहे. तेव्हा जे लिहायचं ते आजच लिहा.