टोपी-टॉवेलचा मान

माझं पहिलं पुस्तक छापून आलं त्या उन्हाळ्यात दोंडाईच्याला चुलत बहिणीचं लग्न होतं. आमच्याकडे मंगलाष्टकांआधी माईकवर एकेका पाहुण्याचं नाव पुकारून त्याला टोपी-टॉवेल देतात. मुहूर्त टळला तरी चालतो, पण कुणाचं नाव राहून चालत नाही.

माझ्या वडिलांना, आबांना, वाचता येत नाही. मला शिकवायला त्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या शेताला पाणी भरलं. मी लेखक झालो हे त्यांना कळायला तो माईक एवढीच जागा होती. म्हणून चिठ्ठीवर माझं नाव आणि पुढे 'लेखक' असं लिहून मी ती पुकारणाऱ्या मामांना दिली.

मामांनी चिठ्ठी वाचली आणि माईकवर हात ठेवला.

"लेखक ते ठीक शे भाचा, पन तू काम काय करस?"

"धुळ्याला शाळेत क्लार्क आहे. पण मामा, लेखकच म्हणा."

"लोके म्हनतीन, पोऱ्या रिकामा शे!"

आणि त्यांनी पुकारलं, "शिक्षण खात्यातले मोठे साहेब!"

टाळ्या पडल्या. मी टोपी घालून फोटोसुद्धा काढून घेतला. मांडवातल्या स्टेजवरून खाली उतरलो तर आबांचे डोळे भरलेले.

"बठ्ठास्नी आयकं रे भाऊ," ते म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं, एवढंच त्यांना पुरे होतं.

त्यांच्यासाठी आणलेली पुस्तकाची प्रत मी पिशवीतच ठेवली. ते पुस्तक आजवर कुणी वाचलं की नाही, मला माहीत नाही. मला मिळालेला तो टॉवेल मात्र आबांनी अजून वापरायला काढलेला नाही.