बोक्याच्या मानेवरची हळद

आमच्या घरात तिघांना शुगर आहे: बापूंना, बोक्याला आणि मला. (हा क्रम वयाचा नाही, लागण्याचा आहे.)

बोक्याचं नाव ढब्बू. तो आमच्या पूजाचा. पूजा ही आमची एकुलती एक लेक. नर्सिंग शिकायला ती नांदेडला निघाली, तेव्हा बसमध्ये चढताना तिने आईला मिठी मारली, आजोबांच्या पाया पडली आणि मला म्हणाली, "बाबा, ढब्बूला काही झालं ना, तर मी घरी पाऊल टाकणार नाही." मला स्वतःला काही झालं तर काय, याबद्दल ती काहीच बोलली नाही.

आखाडा बाळापुरात माझं कृषी सेवा केंद्र आहे. ढब्बू दिवसभर दुकानातल्या खताच्या थप्पीवर पसरलेला असतो आणि गिऱ्हाईक आलं की एक डोळा उघडून ते काय नेतंय ते बघतो. गेल्या उन्हाळ्यात तो एकाएकी बादलीच्या बादली पाणी प्यायला लागला आणि दुकानाच्या कोपऱ्यात सारखा लघवीला बसायला लागला. मी म्हटलं, ऊन आहे, चालायचंच! पण बापू, म्हणजे माझे वडील, वय अठ्ठ्याहत्तर, शुगरचा वीस वर्षांचा अनुभव, त्या कोपऱ्यात वाकून बराच वेळ बघत राहिले.

"याला शुगर हाय," ते म्हणाले.

"काय बापू, मांजराला कुठं शुगर असती व्हय?"

"मुंग्या बघ की लेका! त्या काय दर्शनाला आल्या का इथं?"

खरंच रांग लागली होती. जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि बापूंचं निदान बरोबर निघालं. (त्या दिवसापासून गल्लीतल्या कुणालाही काही झालं, की बापू आधी मुंग्या शोधतात.)

डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. दिवसातून दोनदा, पोटात अन्न गेल्यावर, मानेमागची कातडी चिमटीत धरून टोचायचं. कसं ते त्यांनी करून दाखवलं, बरंच काही समजावून सांगितलं आणि मी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. घरी आल्यावर मी त्यात माझी एक सुधारणा केली. सुई दर वेळी इकडेतिकडे जाऊ नये म्हणून ढब्बूच्या मानेवर हळदीचा टिळा लावला. फिका पडला की नवा लावायचा.

"ठिबकचं पाणी बराबर मुळापाशी पडलं पाहिजे," मी बायकोला समजावलं. "सुईचंबी तसंच हाय."

"बोक्याला औषध देऊन राहिले का त्याचं लगीन लावून राहिले तुमी?" रेखा म्हणाली. शास्त्रीय पद्धतीची तिला मुळातच कदर नाही.

आता माझ्या एका खोडीबद्दल सांगायला हवं. तीस वर्षं झाली, माझ्या दुकानातून कुठलंही औषध एकटं बाहेर पडलेलं नाही. कीड असो, करपा असो, सोबत टॉनिकची बाटली जाणारच. "औषधानं रोग जातो, पण ताकद कोण देणार?" हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं आहे, की आता ते मला स्वतःलाच पटतं. ढब्बू तर वाळून निम्मा झाला होता. मी गुपचूप मेडिकलमधून लहान लेकरांचं व्हिटॅमिनचं टॉनिक आणलं, संत्र्याच्या चवीचं.

ढब्बूने तोंड फिरवलं. त्याचा नियम असा, की घरातल्या कुणीतरी आधी खाऊन दाखवल्याशिवाय तो नव्या वस्तूला तोंड लावत नाही. मग मी एक चमचा पिऊन दाखवला, मिटक्या मारल्या, तेव्हा कुठे त्याने अर्धा चमचा चाटला. चव वाईट नव्हती. पुढे पुढे मी दोन-दोन चमचे पिऊन दाखवायला लागलो, म्हणजे त्याला नीट दिसावं!

दोन महिने झाले तरी ढब्बूची शुगर काही खाली येईना. डॉक्टरांनी विचारलं, "गोड काही देता का याला?" मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "साहेब, गुळाचा खडाबी न्हाई!" आणि मी खोटं बोलत नव्हतो. माझ्या लेखी टॉनिक हे गोड नसतं, टॉनिक असतं.

आणि एका सकाळी रेखाने आतून हाक मारली. "आवो, जरा इकडं या. ह्याच्या मानेला काहून गाठ लागून राहिली?"

मी बोट लावून पाहिलं. हळदीच्या टिळ्याखाली हरभऱ्याएवढी टणक गाठ होती. दोघांच्याही मनात एकच शब्द आला, कॅन्सर. मी मोबाइल काढून गाठ, कॅन्सर, व्हिटॅमिन असं शोधलं. पहिल्या ठिकाणी लिहिलं होतं, जास्त व्हिटॅमिनमुळे कॅन्सर वाढू शकतो. दुसऱ्या ठिकाणी लिहिलं होतं, व्हिटॅमिन घेतल्यास कॅन्सर दूर राहतो. तिसऱ्या ठिकाणी, मांजराच्या बाबतीत नक्की काही सांगता येत नाही. चौथ्याने मला विचारलं, जुना ट्रॅक्टर विकायचा आहे का? म्हणजे मी दोन महिने या गाठीला खत घालत होतो?

"रेखा," मी म्हणालो, "मी ढब्बूला चोरून टॉनिक देत होतो."

तिने मला फाडून खायला हवं होतं. पण ती खाली बसली. "मंग मीबी सांगते. मी दुधात सिरप टाकत होते. व्हिटॅमिनचंच. तुमीच तर म्हणता, ताकद कोण देणार?"

इतक्यात बाजेवरून बापू खाकरले. (ते असे खाकरले, की समजावं, शुगरशिवायही काहीतरी आहे.)

"माझी ती ताकदीची गोळी असती ना," ते छताकडे बघत म्हणाले, "अर्धी मी खातो, अर्धी कुटून त्याला देतो. काय करू? त्याची तकलीफ बघवत न्हाई."

तीन माणसं, तीन टॉनिकं, एक बोका! आणि तिघांचाही ठाम समज असा, की या घरात बोक्याची काळजी एकट्या मलाच आहे.

नेमका तेव्हाच पूजाचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, ढब्बू दाखवा."

"झोपला हाय," रेखा म्हणाली.

"अगं, मागून चाललाय ना तो!"

"झोपेत चालून राहिला," मी म्हणालो. हे मी का म्हणालो, ते मला अजून कळलेलं नाही.

"बाबा, खरं सांगा."

सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त हळू आवाजात म्हणाली, "आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या," आणि फोन बंद करायच्या आधी तिने डोळे पुसलेले मला दिसले.

टमाट्याच्या कॅरेटमध्ये ढब्बूला बसवून वरून जाळी बांधली. मी मोटारसायकलवर, मागे कॅरेट मांडीवर घेऊन रेखा. नेमका बाजाराचा दिवस! गाडी दर चार पावलांवर अडायची आणि ओळखीचा माणूस विचारायचा, "काय झालं बोक्याला?" रेखा म्हणायची "काही न्हाई" आणि त्याच क्षणी मी म्हणायचो "कॅन्सर". एकाने कडुनिंबाचा पाला सांगितला. दुसऱ्याने उतारा टाकायला सांगितलं. तिसरा माझं जुनं गिऱ्हाईक. तो आपुलकीने म्हणाला, "भाऊ, टॉनिक देऊन बघा की! औषधानं रोग जातो, पण ताकद कोण देणार?" मी गाडी पुढे काढली.

डॉक्टरांनी ढब्बूला टेबलावर घेतलं. गाठ बघायच्या आधी त्यांची नजर दुसरीकडेच गेली.

"हे पिवळं काय आहे?"

"हळद हाय साहेब. सुईची खूण."

"म्हणजे रोज इथंच टोचता?"

"एक दोराभर इकडंतिकडं न्हाई!" मी अभिमानाने म्हणालो.

डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला. "अहो, जागा दर वेळी बदलायची असते! मी त्या दिवशी सांगितलं नव्हतं का?"

सांगितलं होतं. पण तेव्हा माझ्या डोक्यात ठिबक चाललं होतं.

"बहुतेक रोजच्या टोचण्यानं आलेली सूज आहे," ते म्हणाले. "पण मांजरांना सुईच्या जागी कधीकधी वाईट गाठही होते, म्हणून अंदाजावर सोडायचं नाही. नमुना तपासायला पाठवतो. आठ दिवस लागतील."

"अन् व्हिटॅमिन?" रेखाने पिशवीतून तिन्ही टॉनिकं काढून टेबलावर ओळीने मांडली. डॉक्टरांनी आधी माझ्या बाटलीमागचं लेबल वाचलं, मग रेखाच्या, मग बापूंच्या गोळ्यांचं.

"यांनी कॅन्सर झाला असं मी म्हणणार नाही आणि यांनी तो बरा होतो असंही म्हणणार नाही. पण गरज नसताना द्यायचं कशाला? आणि या दोन बाटल्या तर निव्वळ साखरेचा पाक आहेत. शुगर खाली कशी येईल?" मग ते माझ्याकडे वळले. "दोन वर्षांमागं माझ्या शेतातल्या हळदीला तुम्ही अशीच तीन टॉनिकं दिली होती. पाला छातीला लागला होता. खणलं तर खाली बोटाएवढी हळद! तेव्हा मी काही बोललो नाही."

मी तिन्ही टॉनिकं परत पिशवीत भरली.

ते आठ दिवस मला हसण्यावारी नेता येत नाहीत. टॉनिकं बंद झाली. सुईची जागा रोज रेखा ठरवायला लागली. ढब्बू थप्पीवर न झोपता माझ्या मांडीवर येऊन झोपायचा आणि मी गिऱ्हाइकांना वस्तू बसूनच दाखवायचो. सहा वर्षं ज्याला मी "पूजाचा बोका" म्हणालो, तो त्या आठ दिवसांत "आमचा ढब्बू" झाला. दर तासाला मी त्याच्या मानेवर बोट ठेवून बघायचो. गाठ कधी लहान वाटायची, कधी मोठी, आणि दोन्ही वेळा मी घाबरायचो.

नवव्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. कॅन्सर नव्हता! रेखा पदरात तोंड लपवून रडली. बापूंनी देवापुढे पेढा ठेवला आणि प्रसाद म्हणून तो स्वतःच खाल्ला. पूजा शनिवारी घरी आली, चप्पल न काढताच दुकानात शिरली आणि ढब्बूला घेऊन थप्पीवर बसली. ती घरात पाऊल टाकती झाली, एवढ्यावरच मी खूश होतो.

डॉक्टरांनी ढब्बूच्या कानाला टोचून घरच्या घरी शुगर बघायला शिकवलं होतं. पूजाने ती बघितली. आकडा चक्क चांगला आला.

"यंत्र बिघडलं," मी म्हणालो. "इतक्या लवकर कुठं शुगर उतरती?"

"मग यंत्रच तपासू. बाबा, बोट द्या."

मी बोट दिलं. तिने आकडा बघितला, दुसरं बोट मागितलं, पुन्हा बघितला आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "यंत्र चांगलं आहे. बाबा, तुम्ही काय खाऊन राहिलात?"

रेखाने फडताळावरची संत्र्याची बाटली उचलून उलटी धरली. ढब्बूचं टॉनिक बंद झालं तेव्हा ती अर्धी भरलेली होती; दहा दिवसांनी तिच्यातून एक थेंबही पडला नाही.

माणसांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की नुसत्या टॉनिकने असं होत नसतं. शुगर माझ्या अंगात आधीपासूनच असणार, मीच तिला पाहुणी समजून रोज पाक पाजला. आता मला गोळ्या आहेत, पथ्य आहे. आणि ढब्बू समोर बसून मी गोळी गिळेपर्यंत माझ्याकडे बघत असतो. घरात कुणीतरी आधी खाऊन दाखवावं, हा त्याचा नियम तसा जुनाच आहे.

परवा दुकानात एक शेतकरी आला. हातात हळदीचं पिवळं पडलेलं पान. "भाऊ, औषध द्या. अन् टॉनिक कोणतं देऊ संगं?"

तीस वर्षांचं वाक्य माझ्या ओठावर आलं. तेवढ्यात थप्पीवरून ढब्बूने एक डोळा उघडला. मी वाक्य गिळलं आणि म्हणालो, "टॉनिक राहू द्या. आधी डॉक्टरला दाखवा."

शेतकऱ्याने पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोणाला भाऊ?" तो काळजीने म्हणाला. "हळदीला, का तुमाला?"