ज्ञानोबातात्यांचा दुसरा डोळा

येरमाळ्यात तेव्हा जीप एकच होती, उत्तरेश्वरची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो फौजेत ड्रायव्हर होता. परत आला, निजामाचं राज्य गेलं, आणि लष्कराच्या लिलावातून त्यानं ती जुनी गाडी घेतली. बाईचं बाळंतपण अडलं, कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, की लोक त्याच्या दारात येत आणि तो गाडी बार्शीच्या रस्त्याला लावी.

बासष्ट सालच्या चैत्रात ज्ञानोबातात्या आले. साठी उलटलेला कुणबी माणूस. वर्षापूर्वी त्यांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू बार्शीत काढला होता, आणि आठव्या दिवशी उत्तरेश्वरनंच त्यांना जीपमधून घरी आणलं होतं. डोक्याला हिसका बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गाडी सावकाशच चालवली; पण घरी पोचेपर्यंत डोळ्यात रक्त उतरलं आणि तो डोळा गेला. गावानं नशिबाला बोल लावला, तात्यांनीही.

"उजव्याची सोमवारची तारीख दिलीय," तात्या म्हणाले. "तूच न्यायचं, तूच आणायचं."

"येडशीहून रेल्वेनं जावा की, तात्या."

"हितनं एष्टी, मग रेल्वे, मग टांगा. डोळा बांधल्यावर एवढी चढउतार मला व्हईल का?"

गाडीचे शॉकअब्सॉर्बर संपलेत, हे उत्तरेश्वरला गेल्या वर्षीच कळलं होतं. खड्डा मागं गेला तरी गाडी तीन-चार वेळा वरखाली होत राही. चालतंय तोवर चालू दे, म्हणून त्यानं ते काम लांबवलं होतं.

दुसऱ्याच दिवशी तो एष्टीनं सोलापूरला गेला आणि चार नवे शॉकअब्सॉर्बर घेऊन आला. शनिवारी सकाळी लिंबाखाली गाडी जॅकवर उचलली, खाली लाकडी ओंडके सरकवले आणि तो पाठीवर पडून आत शिरला. जुने गंजानं जागीच चिकटले होते. रॉकेल ओतलं, तासभर मुरू दिलं, मग हातोड्यानं ठोकून एकेक सोडवला. नवे चढवताना रबरं दाबून धरायला त्याची बायको कस्तुराबाई आली. ती दोन्ही हातांनी जोर लावी आणि तो पलीकडून पिन घाली.

तिसरा बसत होता तेव्हा तात्या आले आणि ओट्यावर टेकले. हातानं चाचपडत त्यांनी खाली पडलेला जुना शॉकअब्सॉर्बर उचलला. तेलानं माखून त्यावर धुळीचा थर बसला होता.

"ह्ये काय करतंय?"

उत्तरेश्वर बाहेर आला. उरलेला नवा त्यांच्या हाती देऊन म्हणाला, "दाबून बघा." तात्यांनी अंगाचा भार दिला, तेव्हा तो हळूहळू आत गेला. जुना मात्र बोटाच्या जोरावर गेला आणि तसाच बाहेर आला.

"खड्ड्याचा दणका ह्यानं धरायचा असतो," उत्तरेश्वर म्हणाला.

तात्या जुना आतबाहेर करत राहिले. "गेल्या साली बी असाच व्हता?"

कस्तुराबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं फडक्याला हात पुसले.

"व्हय. मला ठावं व्हतं."

तात्यांनी ती वस्तू खाली ठेवली. उठले, धोतर झटकलं.

"नवीन नीट बसव," एवढंच म्हणाले आणि घराकडं गेले.

चौथा बसवून त्यानं सगळ्या पिना पुन्हा तपासल्या. मग पुढचं बंपर दाबून सोडलं. गाडी एकदा वर आली आणि थांबली.

सोमवारी तात्या ठरल्या वेळी दारात हजर होते. शस्त्रक्रिया नीट झाली. दहाव्या दिवशी उत्तरेश्वरनं मागं गवताची गादी घालून त्यांना निजवून आणलं. महिन्यानं जाड भिंगाचा चष्मा आला, आणि त्या साली ज्वारीची राखण तात्यांनी स्वतः केली.

डाव्या डोळ्याचा विषय दोघांनी पुन्हा काढला नाही. मात्र त्यानंतर तात्या त्या जीपमध्ये एकदाच बसले, नातीच्या लग्नाला, तेही दणका कमी बसावा म्हणून पुढच्या सीटवर.