बिनसावलीची काठी

हाजराबाई आमच्या शेजारच्या. महाडहून एस.टी.ने पोलादपूर, तिथून कापडे गावाच्या वरच्या अंगाची शाळा. बावीस वर्षं त्यांनी पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवलं. अभ्यासक्रम बदलला आणि नव्या पुस्तकात जागोजागी ‘करून पाहा’ आलं, तेव्हा बाई ते पुस्तक उशाशी घेऊन झोपतात, अशी त्यांचे यजमान मुश्ताकभाई थट्टा करायचे.

त्यात एक पाठ सावलीचा. काठी उभी रोवायची आणि भरदुपारी सावली मोजायची. आपल्याकडे वर्षातून दोनच दिवस सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. एक मेच्या मध्यावर, तेव्हा शाळेला सुट्टी. दुसरा जुलैअखेर, तेव्हा पोलादपुरात सूर्य दिसतो कुठे? आणि नियोजनात पाठ जुलैतच.

प्रशिक्षणात बाई दर वर्षी उठायच्या. “साहेब, हा पाठ आमच्यापुरता पुढे न्या. जुलैत आमची मुलं सावली विसरलेली असतात.”

“नियोजन सगळ्यांना एकच, बाई. चित्र काढून दाखवा.”

सहा वर्षं बाईंनी फळ्यावर सूर्य काढला. स्वतः मेमध्ये घरच्या गच्चीवर बघू शकल्या असत्या. पण मुलांशिवाय बघायचं नाही, असं त्यांनीच ठरवलेलं.

२००३च्या मेअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या. सुट्टीआधी त्यांनी मुलांकडून ओळंबा धरून शाळेच्या अंगणात मीटरभर काठी रोवून घेतली. “बारा तारखेला या. बारा तेहतीसला सावली जाईल.”

त्या दिवशी मीही बरोबर गेले. गाडी रखडली. पोचलो तेव्हा बारा पंचवीस झालेले. मुलं आली होती, आईबापही आले होते. आणि अख्ख्या अंगणावर जांभळाच्या टहाळ्यांचा गच्च मांडव! मधोमध काठी, तिला हळदकुंकू आणि झेंडूचा हार.

“अहो नाथूभाऊ, हे काय?” बाईंनी विचारलं.

सातवीतल्या जनीचे वडील नाथू पुढे झाले. “बाई, तुमच्या निरोपाचा कार्यक्रम हाय. तुमास्नी उन्हात उभं करू? गावाला सोभंल?”

“मी सांगत होते बाबांना,” जनी रडवेली झाली. “ऊनच हवं हाय म्हणून. कोन आयकतंय!”

बाईंनी पदर खोचला आणि हार उतरवला. “काढा, काढा वरचं!” पुरुष वासे धरून वर चढले. टहाळ्या बांधलेल्याही अशा पक्क्या, की सोडता सुटेनात. मी घड्याळ बघत होते. तेहतीस. अडतीस. काठीवर ऊन पडलं तेव्हा पावणेएक झाला होता. पूर्वेला तीन बोटं सावली पडलेली.

जनीने हळूच काठी पश्चिमेकडे कलती केली. सावली गेली.

“बाई, बगा! गेली!”

बाई हसल्या, पण डोळे भरले होते. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवून काठी पुन्हा सरळ केली.

“अशी तर रोज घालवता येते गो. ती आपण होऊन जाताना तुमच्याबरोबर बघायची होती.”

मग त्यांना उरलेल्या मांडवाखाली बसवलं, नारळ दिला, भाषणं झाली. बाई मान हलवत होत्या. नजर मात्र बाहेर, लांबत जाणाऱ्या त्या सावलीवर होती.