मुठीखालचे तीन ठिपके

पाणी दिलेलं पातं गार झालं की आप्पा लोहार ते शेपटाला दोन बोटांत धरून उलटं लटकवत, नखाने टिचकी मारत आणि डोळे मिटून कानाशी धरत. आवाज पुरता विरेपर्यंत डोळे उघडत नसत. तेवढा वेळ भट्टीत कुणी बोललेलं चालत नसे. एकदा गावच्या सोसायटीचे चेअरमन विळ्याला धार लावायला आले आणि बोलत बोलतच आत शिरले. आप्पा डोळे न उघडता म्हणाले, "जरा थांबा. ह्ये पातं तुमच्या आधी आलंय."

निपाणीजवळच्या एका खेड्यात त्यांची भट्टी होती. तंबाखू कापायचे विळे, खुरपी, कुऱ्हाडी हे त्यांचं नेहमीचं काम. मी बेळगावात एका कारखान्यात इंजिनिअर. कोयता घ्यायला म्हणून गेलो आणि पदरांच्या सुरीचं खूळ त्यांच्या डोक्यात घालून आलो. कठीण पोलाद आणि मऊ लोखंड यांच्या पट्ट्या एकावर एक रचायच्या, टाकणखार टाकून पांढऱ्याफेक होईपर्यंत तापवायच्या, ठोकून एकजीव करायच्या, दुमडायच्या, पुन्हा ठोकायच्या. शेवटी पातं आम्लात बुडवलं की लाटांसारखी नक्षी उमटते. पहिली नक्षी बघून आप्पा म्हणाले, "चपातीचं पदर खाताना कळत्यात. बघत बसून काय करायचं, सायेब?" पण नाद त्यांनाही लागला. दर रविवारी मी बेळगावच्या खासबागेतून मोटरसायकल काढायचो आणि दिवसभर भाता फिरवायचो. घण आक्का मारायच्या, म्हणजे आप्पांची बायको. माझा घण चुकीच्या जागी पडतो, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. वर्षभरात मी 'सायेब, तुमी'चा 'तू' झालो.

टिचकीच्या परीक्षेत पातं उतरलं, तरच आप्पा त्याच्या शेपटावर टोकदार पंचाने तीन ठिपके उठवत. शेपूट मुठीत जातं. मूठ मी खासबागेतल्या एका सुताराकडून बसवून घ्यायचो. ती बसली की ठिपके कुणाला दिसत नसत. मी सांगून थकलो, की आप्पा, खूण पात्यावर करा, लोक नावानं मागतील. ते म्हणायचे, "घेणाऱ्यानं धार बघावी. ठिपकं माझ्यासाठी हाईत."

परीक्षेत न उतरलेली पाती एका फुटक्या घमेल्यात पडायची. अमावस्येला लोहार भट्टी पेटवत नाही. त्या दिवशी आप्पा घमेलं पुढ्यात ओढून एकेक पातं ऐरणीवर मोडून टाकत. मला ते बघवत नसे. महिनाभराचे रविवार त्या घमेल्यात जायचे. मी भिंग लावून पाती तपासायचो. कुठे चीर नाही, फट नाही. "आप्पा, ह्याला काय झालंय?" "आत एक पदर धरला न्हाय. बद्द वाजतंय." मी टिचकी मारून बघायचो. चांगलं पातं आणि वाईट पातं माझ्या कानाला सारखंच वाजायचं. म्हातारा हट्टी आहे, एवढंच मला कळायचं.

गोव्यातल्या एका हॉटेलच्या मुख्य स्वयंपाक्याला मी अशी एक सुरी कबूल केली होती. परीक्षेत उतरलेली मोजकी पाती आधीच्या गिऱ्हाइकांकडे जात; चार महिने तो फोन करत होता आणि चार महिने मी पुढचा रविवार सांगत होतो. शेवटी अमावस्येच्या आदल्या दिवशी, आप्पा हात धुवायला गेले असताना, मी घमेल्यातलं एक पातं उचलून पिशवीत टाकलं. उद्या ते मोडणारच होते. सुताराकडून त्याला शिसवी मूठ बसवली आणि गोव्याला पाठवून दिलं.

दोन आठवड्यांत सुरी परत आली. धारेपासून बोटभर आत पदर उकलला होता, ओल्या पुठ्ठ्यासारखा. मी खरं सांगायचं ठरवूनच आप्पांकडे गेलो. सुरी घरीच ठेवली होती, यावरून माझं ठरवणं किती पक्कं होतं ते कळावं.

"गोव्याची सुरी उकलली, आप्पा," मी म्हणालो.

त्यांनी हातातली सांडशी खाली ठेवली. "मूठ काढून बघितलीस? ठिपकं हाईत?"

मूठ काढायची मला गरजच नव्हती. नाही म्हटलं असतं, तर ते पातं घमेल्यातून कुणी उचललं हे त्यांना त्याच क्षणी कळलं असतं. मी म्हणालो, "आहेत."

आप्पांनी भिंतीवरचं एक चांगलं पातं काढलं, टिचकी मारून आधी उजव्या कानाशी धरलं, मग डाव्या. पुन्हा उजव्या. मग ते जागेवर ठेवून म्हणाले, "मग कान गेला म्हणायचा."

त्यानंतर त्यांनी पदरांचं काम केलं नाही. "खुरप्याला कान लागत न्हाय," म्हणून काही दिवस खुरपी केली, मग तीही सोडली. आक्का मला म्हणाल्या, "दिसभर ताट वाजीवत्यात, तांब्या वाजीवत्यात, किल्ली वाजीवत्यात. ह्यास्नी बेळगावला कानाच्या डाक्टरकडं तरी न्हे रं." मी नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वयाच्या मानाने कान उत्तम आहेत. माझ्या घरी जेवताना आप्पा म्हणाले, "डाक्टरचं यंत्र माणसाचं बोलणं तपासतंय. लोखंडाचं त्याला काय कळतंय?" मग त्यांनी पाण्याच्या पेल्याला हळूच टिचकी मारली. ज्या कपाटात ती सुरी होती, ते त्यांच्या पाठीमागेच होतं. मी त्यांना आणखी एक पोळी वाढली.

दोन वर्षं अशीच गेली. सणावारी मी जायचो आणि सांगायचं ठेवून परत यायचो. मग त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तेव्हा कुठे मी त्या सुरीची मूठ फोडली आणि नुसतं पातं घेऊन गेलो.

आप्पा खाटेवर टेकून बसले होते. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी डावा हात पुढे केला. अंगठा शेपटावरून वर नेला, खाली आणला, पातं पालथं करून पुन्हा फिरवला. ठिपके नव्हते. "घमेल्यातलं?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली.

मला वाटलं होतं, शिवी देतील. मी तीच मागायला गेलो होतो. ते माझ्याकडे वळलेही नाहीत. चुलीपाशी बसलेल्या आक्कांना त्यांनी हाक मारली, "अगं, ऐकलंस का? माझा कान बरा हुता." दोनदा म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मला तिथे उभं राहवेना.

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. चहाचं आधण चुलीवर होतं, ते त्यांनी उतरवून ठेवलं.

आप्पांनी पातं माझ्यापुढे धरलं. "माझ्या हातात आता जोर न्हाय, सायेब. तुमी मोडा."

भट्टीचं दार उघडून मी आत गेलो. ऐरणीवर कोंबड्यांची घाण वाळली होती. पातं आडवं धरलं, घण घातला. पहिला घाव नेहमीसारखा चुकीच्या जागी पडला. दुसऱ्याला ते मोडलं.

बाहेरच्या खाटेवरून आप्पांचा आवाज आला, "बद्द वाजलं, न्हवं?"

मी "व्हय" म्हणालो. खरं म्हणजे मला तेव्हाही कळलं नव्हतं.