समारोपाचं भाषण

माझ्या नवऱ्याला दुसऱ्याचं बोलणं पुरतं ऐकून घेता येत नाही. समोरच्यानं तोंड उघडलं की याचं उत्तर तयार. कारखान्यात त्याच्या हाताखालच्या माणसांनीही हीच तक्रार केली असावी, कारण मागच्या वर्षी कंपनीनं त्याला नेतृत्व आणि संवादकौशल्याच्या कोर्सला घातलं. दर शनिवारी, वाघोलीला. आम्ही राहतो कात्रजला, म्हणजे सबंध पुणं ओलांडून जायचं. "ऐकायला शिकायचं म्हणून इतक्या लांब?" असं मी विचारायला गेले, तर माझं वाक्य संपायच्या आत तो मला ट्रॅफिक समजावून सांगायला लागला.

एका शनिवारी तो गृहपाठ घेऊन आला. घरातल्या एका माणसाला दहा मिनिटं बोलू द्यायचं. मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, आणि शेवटी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं. घरात माणूस म्हणजे मीच. मोबाइलवर वेळ लावून तो जेवणाच्या टेबलाशी ताठ बसला. मला हसू आलं. म्हटलं, आता याला कामवाल्या बाईंच्या दांड्या ऐकवाव्यात सविस्तर.

पण तोंडातून भलतंच निघालं. आमची मुलगी सातव्या महिन्यात पोटातच गेली, त्याला खूप वर्षं झाली. पुढे आम्हाला मूल झालं नाही. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो. मी विषय काढला की तो "जाऊ दे गं, कशाला उगाळायचं" म्हणत उठून जायचा. आज त्याला उठता येत नव्हतं.

"सिस्टरनं मला विचारलं होतं, बाळ बघायचंय का," मी म्हणाले. "मी हो म्हणणार होते. तेवढ्यात तू दारातून म्हणालास, नको, तिला त्रास होईल. आणि भाऊजी बाळाला परस्पर घेऊन गेले. मला तिला बघायचं होतं रे. मला तिचं तोंड माहीत नाही. आठवण काढायची म्हटलं तरी कुणाची काढू?"

वेळ संपल्याची घंटी वाजली. ती बंद करून तो हळू आवाजात म्हणाला, "तुला तिला बघायचं होतं. आणि तुझ्या वतीनं मी नको म्हणालो."

मी टेबलावर डोकं टेकून रडले. त्या कोर्सबद्दल जे जे तिरकस बोलले होते ते सगळं मनातल्या मनात मागे घेतलं. पुढच्या शनिवारपासून त्याला निघताना गरम थालीपीठ मिळायला लागलं. तो माझा झाला होता, इतक्या वर्षांनी, असंच मला वाटलं.

शेवटच्या दिवशी समारोपाला घरच्यांनाही बोलावलं होतं. मी ठेवणीतली साडी नेसून गेले. प्रत्येकानं व्यासपीठावर येऊन स्वतःच्या आयुष्यातली एक गोष्ट सांगायची होती. एकानं नोकरी गेल्याची सांगितली, एकीनं पहिल्यांदा परदेशी एकटी गेल्याची. मग माझा नवरा उठला.

"आम्हाला एक मुलगी होती," असं म्हणून तो थांबला. ते थांबणंही शिकवलेलं होतं. त्यानं सिस्टरचा प्रश्न सांगितला, आपण दारात उभे होतो ते सांगितलं, आणि मग म्हणाला, "मी हो म्हणालो. मी तिला हातात घेतलं. डोक्यावर दाट जावळ होतं. आणि नाक थेट हिच्यासारखं, शेंड्याशी जरासं वर गेलेलं." त्यानं माझ्याकडे हात केला. सगळ्या माना वळल्या.

मला राग यायला हवा होता. तो नंतर आला. त्या वेळी मी फक्त हावरटासारखी ऐकत होते. म्हणजे यानं बघितली होती! मला सांगणं त्याला जमलं नसेल, म्हणून गप्प राहिला असेल बिचारा. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मीही वाजवल्या. शेजारच्या बाई माझा हात दाबून म्हणाल्या, "किती हळवे आहेत हो तुमचे मिस्टर!"

परतताना भाषणाला मिळालेली पहिल्या नंबराची ढाल मागच्या सीटवर होती. नगर रस्त्यावर गाड्या खोळंबल्या होत्या.

"कसं झालं भाषण?" त्यानं विचारलं.

"डोळे मिटलेले होते का उघडे?"

"कुणाचे?"

"तिचे."

"अगं, मी पण नाही पाहिलं तिला. कपड्यात गुंडाळलेली होती. माझी हिंमतच झाली नाही. सगळं दादानंच केलं." मग म्हणाला, "कोर्सचे सर म्हणाले, गोष्ट नुसती नकारावर संपली तर लोकांना भिडत नाही. म्हणून ते शेवटचं जोडलं."

त्याच्या दादाला, म्हणजे भाऊजींना विचारावं, तर ते आता नाहीत. म्हणजे तिला बघितलेलं ओळखीचं माणूसच उरलेलं नाही.

घरी गेल्यावर मी भांडले. माझं दुःख तू नेऊन लोकांना वाटलंस, म्हणाले. तो मध्ये एक शब्द बोलला नाही, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. ती ढाल त्यानं कपाटात आत टाकली. माफी मागितली. मी माफ केलेलं नाही.

पण ते जावळ आणि ते नाक काही केल्या जात नाही. स्वयंपाक करताना, बसची वाट बघताना ती डोळ्यांसमोर येते, डोळे मिटलेली, शेंड्याशी जरासं वर गेलेलं नाक घेऊन. ती टाळ्यांसाठी रचलेली आहे, हे मला कळतं. तिला बघायचं नाही असं मी रोज ठरवते. पण मला दुसरी मुलगी आहे कुठे?